रुग्णवाहिकेला वाट दिली आणि चलन आलं: भरून मोकळं व्हावं का?

पत्र:

ताई, मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत पाळीत काम करते. गेल्या महिन्यात पहिली पाळी सुटल्यावर स्कूटीवरून घरी येत होते. जिल्हा रुग्णालयाच्या अलीकडच्या सिग्नलला लाल दिवा होता म्हणून थांबले. मागून सायरन वाजवत रुग्णवाहिका आली. तिला वाट मिळावी म्हणून मी आणि शेजारचा रिक्षावाला थोडे पुढे सरकून डावीकडे झालो. आठवड्याभरात मोबाइलवर चलन आलं: सिग्नल तोडला, दंड 500 रुपये. सासरे म्हणतात, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, भरून टाक. नवरा म्हणतो, लोकअदालतीचा एसएमएस आलाय, कमी पैशांत मिटतंय तर मिटव. ओळखीतले एक वकील केस लढायला 3000 रुपये मागतात. पैसे भरायला गेले तर गाडीवर आणखी एक चलन दिसलं, हेल्मेट नसल्याचं. त्या दिवशी गाडी दिराकडे होती. दोन्हींवर एकदमच हरकत घ्यावी का? कोर्टात गेलं की दंड वाढतो, वॉरंट निघतं, असं ऐकलंय. खरं आहे का?

उत्तर:

ताई, आधी थेट सांगते. सिग्नलचं चलन आत्ता भरू नका आणि लोकअदालतीतही मिटवू नका. येत्या दोन-चार दिवसांत लेखी हरकत नोंदवा. कोर्टाचा प्रश्न हरकत फेटाळली गेली तरच येईल. हेल्मेटच्या चलनाचं शेवटी बोलते, कारण त्याचं उत्तर वेगळं आहे.

तुम्ही चलनावरचा फोटो सोबत पाठवलात हे फार बरं केलंत. मी तो मोठा करून नीट पाहिला. कॅमेऱ्यानं मागून टिपलंय, नंबरप्लेट स्वच्छ वाचता येते, दिवा लाल आहे आणि तुमच्या स्कूटीचं पुढचं चाक थांबण्याच्या पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे आहे. चलन याच आधारावर निघालंय. पण त्याच फोटोत तुमचा ब्रेकलाइट लागलेला आहे. डावा पाय रस्त्यावर टेकलेला आहे. हँडल कडेकडे वळलेलं आहे आणि तुमच्या पलीकडची रिक्षाही तशीच तिरपी उभी आहे. तुमच्या उजवीकडे, ऐन गर्दीत, एका गाडीपुरती जागा मोकळी पडलीय आणि फोटोच्या अगदी कडेला पांढऱ्या वाहनाचा कोपरा आलाय. सिग्नल तोडून सुटणारा माणूस ब्रेक दाबून पाय टेकत नाही आणि हँडल फुटपाथकडे वळवत नाही. तुमची अर्धी बाजू पोलिसांच्याच फोटोत आहे. तो फोटो आजच डाऊनलोड करा, चलनाचाही स्क्रीनशॉट घ्या आणि दोन्हींची रंगीत प्रिंट काढा. कृष्णधवल प्रिंटमध्ये ब्रेकलाइट दिसणार नाही.

दुसरी गोष्ट, हा एकच फोटो आहे. गाडी उभी आहे की चालली आहे, हे एका फोटोवरून ठरत नाही. गाडीनं चौक ओलांडला असं म्हणायचं तर पुढचा फोटो हवा, नाहीतर चित्रफीत हवी. हरकतीत हे आवर्जून लिहा.

आता कायद्याकडे येऊ. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं 194ई हे कलम आलं. रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलाची गाडी येत असताना जो रस्त्याच्या कडेला होत नाही, त्याला 10000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे तुम्ही जागेवर अडून बसला असतात तर तो जास्त मोठा गुन्हा झाला असता. मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवा. हे कलम कडेला व्हायला सांगतं, लाल दिव्यात चौक पार करायची मुभा देत नाही. त्यामुळे ‘रुग्णवाहिका होती म्हणून मी सिग्नल तोडला’ असं चुकूनही लिहू नका. तसं लिहिलंत तर तुम्ही सिग्नल तोडल्याचं स्वतःच मान्य केलंत असं होईल. जे घडलं तेच लिहा: पट्टीच्या थोडं पुढे गेले, डावीकडे झाले, थांबले, आणि दिवा हिरवा झाल्यावरच निघाले.

तुमच्या चलनावर कलम 119 (वाहतुकीची चिन्हं पाळणं) आणि 177 (सर्वसाधारण दंड) आहे. हे पाहणं महत्त्वाचं, कारण दंड वाढण्याच्या भीतीचं उत्तर तिथेच आहे. 177 खाली पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त 500 रुपये आणि पुढच्या वेळी जास्तीत जास्त 1500 रुपये दंड आहे. तुमचं हे पहिलंच असेल, तर कोर्टात हरलात तरी न्यायदंडाधिकारी या कलमाखाली 500 च्या वर दंड करू शकत नाहीत. कैद तर त्यात नाहीच. सासऱ्यांना हे जरूर सांगा, म्हणजे त्यांचा जीव भांड्यात पडेल. मात्र ज्यांच्या चलनावर 184 (धोकादायक रीतीनं गाडी चालवणं) लागलंय, त्यांनी फार सावध राहावं. लाल दिवा तोडणं 2019 पासून त्या कलमातही बसतं, तिथे कैदेची तरतूद आहे आणि परवाना निलंबित होण्याची वेळ येऊ शकते. तसं चलन चुकीचं असेल तर ते शेवटपर्यंत लढवावं असं मी सांगेन, मग कितीही खाडे होवोत. चलन आलं की पहिली नजर रकमेवर जाते. ती आधी कलमावर जाऊ द्या.

हरकत दोन ठिकाणी नोंदवा. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर आणि ॲपवर तक्रार नोंदवायची सोय आहे. तिथे चलन क्रमांक टाका, फोटो जोडा आणि मिळेल तो तक्रार क्रमांक लिहून ठेवा. पण तेवढ्यावर राहू नका. त्याच मजकुराचा कागदी अर्ज शहर वाहतूक शाखेत द्या. दोन प्रती न्या, एक त्यांना द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच दिल्याशिवाय अर्ज ठेवून या असं कुणी म्हटलं तर नम्रपणे थांबा, पण पोच घेऊनच उठा. पुढे काहीही झालं तरी ‘आम्हाला कळवलंच नव्हतं’ असं कुणाला म्हणता येऊ नये. चलनावर मुदत दिलेली असते, ती उलटू देऊ नका. मुदतीत काही न कळवणं म्हणजे चलन मान्य करणं, असा अर्थ निघू शकतो.

अर्ज लांबवायचा नाही. साधारण असा लिहा:

‘माझ्या दुचाकीवर वरील क्रमांकाचं चलन काढण्यात आलं आहे. त्या वेळी मी लाल दिव्यावर थांबले होते. मागून सायरन वाजवत आलेल्या रुग्णवाहिकेला वाट देण्यासाठी मी थांबण्याच्या पट्टीपुढे थोडं सरकून डाव्या कडेला उभी राहिले. मी चौक ओलांडला नाही. चलनासोबतच्या फोटोत माझ्या गाडीचा ब्रेकलाइट लागलेला, पाय टेकलेला आणि शेजारची रिक्षाही कडेला झालेली दिसते. या वेळेच्या आधीचं आणि नंतरचं एक-एक मिनिटाचं चौकातील चित्रीकरण पाहावं, ते जतन करून ठेवावं आणि चलन रद्द करावं. चलन रद्द होणार नसेल, तर कारणासह लेखी कळवावं आणि प्रकरण न्यायालयात पाठवावं.’

खाली तारीख, सही, मोबाइल नंबर. पोलिसांवर टीका नको, रस्त्यांच्या खड्ड्यांचा विषय नको. अर्ज वाचणाऱ्या हवालदारांसमोर असे ढीगभर अर्ज असतात, त्यांना दोन मिनिटांत मुद्दा कळायला हवा.

चित्रीकरण जतन करायला सांगणारी ओळ गाळू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 मध्ये 167ए हा नियम आला. कॅमेऱ्यानं काढलेल्या चलनाची नोंद त्या चलनाचा निकाल लागेपर्यंत सांभाळून ठेवावी, असं तो सांगतो. पण चौकाचं सलग चित्रीकरण ही वेगळी चीज आहे. नवं भरत गेलं की जुनं पुसलं जातं. रुग्णवाहिका पूर्ण दिसणार ती तिथेच. महिना होत आला, तेव्हा आता एकेक दिवस मोलाचा आहे. माहिती अधिकारात 10 रुपये भरून तुम्ही ते मागू शकता, पण उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, म्हणून आधी जतन करायला लावा आणि मग मागा. चौकात समोर औषधाचं दुकान असेल तर त्यांच्या कॅमेऱ्यात काही उरलंय का, हेही विचारा. मिळालं तर पेनड्राइव्हवर घ्या. हरकतीसाठी तेवढं पुरतं. कोर्टात तेच पुरावा म्हणून द्यायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागेल, त्यामुळे दुकानदाराचं नाव आणि चित्रीकरण घेतल्याची तारीख लिहून ठेवा.

वर सांगितलेल्या 167ए नियमात आणखी बऱ्याच गोष्टी आहेत: कॅमेऱ्याच्या उपकरणाला दरवर्षी नव्यानं मंजुरी हवी, पुढे कॅमेरा असल्याचा फलक हवा, गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दाखवणारा फोटो हवा, सूचना 15 दिवसांत पाठवायला हवी. तुमचं चलन आठवड्यात आलं, तेव्हा उशिराचा मुद्दा तुमच्या कामाचा नाही. पण इतर वाचकांनी आपापली तारीख तपासावी. पोलिसानं स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून नंतर चलन टाकलं, अशीही पत्रं मला येतात. खासगी मोबाइलवर असे फोटो काढू नयेत, अशी ताकीद राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठांनी 2025 मध्ये आपल्याच अंमलदारांना दिली आहे. तसं घडलं असेल तर हरकतीत लिहावं.

आता लोकअदालत. तुमच्या यजमानांचा हेतू चांगला आहे. पण लोकअदालत म्हणजे तडजोड. तुमचं खरं की पोलिसांचं, हे तिथे कुणी तपासत नाही. रक्कम ठरते, तुम्ही भरता आणि प्रकरण मिटतं. त्या निवाड्यावर अपीलही नसतं. ज्यानं नियम मोडलाय आणि ज्याच्यावर बरीच चलनं थकलीत, त्याच्यासाठी ती उत्तम सोय आहे, त्यानं ती घ्यावीच. तुम्ही नियम मोडलेला नाही. शिवाय तो एसएमएस नीट वाचा. प्रकरण कोर्टात दाखल होण्यापूर्वीचं ते बोलावणं असेल, तर ते समन्स नव्हे. तिथे गेला नाहीत म्हणून वॉरंट निघत नाही. ‘हजर न राहिल्यास कारवाई’ अशा भाषेनं माणसं घाबरतात आणि न केलेल्या गुन्ह्याचे पैसे भरून येतात, हे मी वारंवार पाहते आणि दर वेळी मला वाईट वाटतं. वॉरंटची भीती खरी असते ती न्यायालयाचं समन्स आल्यावरही न गेल्यास. ते मात्र कधीही टाळू नये.

एक सावधगिरी. असा संदेश आला की त्यातल्या लिंकवर बोट लावू नका. ‘आरटीओ चलन’ नावाची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवून खाती रिकामी करणाऱ्या टोळ्या आहेत. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’नं संपतो. तो स्वतः टाइप करून उघडा.

समजा हरकत फेटाळली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. कधी ते आधी आभासी म्हणजे ऑनलाइन न्यायालयात जातं आणि मोबाइलवर संदेश येतो. तिथे दंड भरणं किंवा प्रकरण लढवणं, असे दोन पर्याय असतात. लढवायचं निवडलं की ते नेहमीच्या न्यायालयाकडे येतं. तुमच्या बाबतीत ते सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) जवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असेल, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर. समन्सवर न्यायालय, खटल्याचा क्रमांक आणि तारीख असते. सकाळीच पोहोचा आणि दालनाबाहेर लावलेल्या यादीत आपला क्रमांक शोधा. पुकारा झाला की पुढे जाऊन उभं राहायचं. आरोप वाचून दाखवतील आणि गुन्हा कबूल आहे का, असं विचारतील. अनेक जण इथेच गडबडतात. कबूल म्हणतात आणि मागोमाग ‘पण साहेब, रुग्णवाहिका होती’ असं सांगू लागतात. कबूल म्हटलं की दंड होणार. तुम्ही शांतपणे म्हणायचं, ‘नाकबूल.’ मग पुढची तारीख मिळेल, सरकार पक्षाला आपला पुरावा आणावा लागेल आणि साक्षीला आलेल्या अंमलदारांना तुम्हाला प्रश्न विचारता येतील. फोटोत ब्रेकलाइट लागलेला दिसतो का, याच गाडीचा चौकातला पुढचा फोटो आहे का, त्या मिनिटाचं चित्रीकरण तुम्ही पाहिलंत का: एवढे तीन प्रश्न पुरे आहेत. आपल्याकडे 1998 पासून खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे, तेव्हा इंग्रजी येत नाही म्हणून बिचकू नका. आपल्या साध्या बोलीत, पण थोडक्यात बोला.

खर्चाचंही बोलायला हवं. निकाल एका तारखेत लागतोच असं नाही आणि तुमचा प्रत्येक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. म्हणून 500 च्या चलनासाठी 3000 देऊन वकील लावू नका. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते, हे 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज करा, वकील मिळेल. वकील उभे राहिल्यावर प्रत्येक तारखेला तुम्ही जायलाच हवं का, हे त्यांना पहिल्याच भेटीत विचारा. तरीही, हरकत फेटाळली गेली, दोन तारखा झाल्या आणि घरची ओढाताण होऊ लागली, तर दंड भरून थांबण्यात कमीपणा नाही. तो निर्णय तुमचा. मला एवढंच वाटतं की हरकत न घेता पैसे भरू नयेत. अर्जाला खर्च येतो तो प्रिंटचा आणि एका फेरीचा, आणि असे अर्ज आले नाहीत तर वाट देणाऱ्या माणसाला कॅमेरा दंड लावतो, हे त्या शाखेत कुणाला कळणारच नाही. रुग्णवाहिकेसाठी सरकायचं की चलनाच्या धास्तीनं तिथेच उभं राहायचं, असा विचार लोकांच्या मनात येऊ लागला तर तो कुणाच्या तरी जिवावर बेतेल. तुम्ही त्या दिवशी सरकलात, हे अगदी योग्य केलंत.

सहा महिने गप्प बसा, चलन आपोआप बाद होतं, असंही तुम्हाला कुणीतरी सांगेल. नुसत्या दंडाच्या गुन्ह्याची दखल न्यायालयानं घ्यायला 6 महिन्यांची मुदत आहे, हे खरं आहे. पण सबळ कारण असेल तर न्यायालय उशीर माफ करू शकतं. शिवाय पोर्टलवर थकबाकी दिसत राहते आणि गाडी विकायला निघालात की ती आडवी येते. त्या आशेवर बसू नका.

दिरांनी त्या दिवशी हेल्मेट घातलं नसेल, तर हेल्मेटचं चलन खरं आहे, तेव्हा त्यावर हरकत नको. खऱ्या चलनावरही वाद घातला की तुमच्या खऱ्या हरकतीचं वजन जातं. गाडी तुमच्या नावावर असल्यामुळे चलन तुम्हाला आलं. त्या वेळी गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारलं, तर ते सांगणं मालकावर कलम 133 नुसार बंधनकारक आहे. तेव्हा दिरांना पाठीशी घालून ‘मीच होते’ असं लिहून देऊ नका. ती नोंद तुमच्या नावावर राहील. पैसे त्यांनाच भरायला लावा. भरताना दोन्ही चलनं एकाच यादीत दिसतील, त्यातलं फक्त हेल्मेटचं निवडा. ‘सर्व भरा’वर टिचकी मारलीत तर सिग्नलचंही भरलं जाईल आणि हरकतीला अर्थ उरणार नाही. पावती उतरवून घ्या, आणि पोर्टलवर ते चलन भरल्याचं दिसेपर्यंत जपून ठेवा.